उलटा फोन

थोरल्याने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढून टेबलावर ठेवला आणि खोलीतलं बोलणं थांबलं.

"हे कशाला?" धाकटीने विचारलं.

"भिंतीवरची पेटी उघडायला. स्क्रू काढले की वायर सुटते. एवढंच काम आहे."

"अरे दादा, मी दात काढायचा झाला तरी आधी माणसाला विचारते."

"तुझ्या खुर्चीतल्या माणसाचं तोंड उघडं असतं. तो नाही कसं म्हणणार?"

काका हसले. त्यांना सगळं ऐकू आलं नव्हतं, पण पुतण्या-पुतणीची जुंपली की हसायचं, ही त्यांची सवय त्या दोघांच्या लहानपणापासूनची. मग त्यांनी कानातलं यंत्र बोटाने आत दाबलं आणि गंभीर चेहरा केला.

"काढून टाका फोन. माझंही तेच मत आहे. वहिनींचा स्वभाव भोळा. कोणीही बोलावं आणि यांनी ऐकत बसावं."

आई खिडकीशी बसली होती, जुन्या शिवणयंत्राला टेकून. तिचे ओठ हलत होते. दुपारचं नामस्मरण हा तिचा नेम होता, आणि घरात भांडण आहे म्हणून देवाला थांबवून ठेवणाऱ्यांतली ती नव्हती. तिचं झालं, तिने हात जोडले, डोळे उघडले आणि समोर पाहिलं. दाराच्या कोपऱ्यात बुटकं स्टूल, स्टुलावर तिनेच विणलेला रुमाल, रुमालावर काळा, जड, तबकडीचा फोन.

"बोला," ती म्हणाली. "मी ऐकते आहे."

थोरल्याने बोलण्याची तयारी केली होती. दुकानात गिऱ्हाईक नसताना, औषधांच्या फळ्यांसमोर उभं राहून त्याने मनातल्या मनात सगळं म्हणून पाहिलं होतं. फोन काढायचा. हे घर भाड्याने द्यायचं. आईने त्याच्याकडे मागच्या खोलीत राहायला यायचं. खोलीला खिडकी आहे, न्हाणीघर लागून आहे. यात वाईट काय होतं? पण आईने 'मी ऐकते आहे' म्हटलं आणि त्याला एकदम चौथी-पाचवीतला मुलगा झाल्यासारखं वाटलं. तेव्हा दोघं भावंडं भांडत आली, की ती एकेकाला समोर उभं करायची, घड्याळ बघायची आणि म्हणायची, 'तुझी तीन मिनिटं झाली. आता तिची.' ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती; तिथे ट्रंक कॉलला, म्हणजे परगावच्या फोनला, तीन मिनिटं असत, तशीच घरातल्या भांडणालाही. वेळ वाढवून मिळायची, पण मागावी लागे.

"आई, गुरुवारी काय झालं ते तुला ठाऊकच आहे."

"आहे."

"माझ्या दुकानात एक बाई येतात. मुलगाच बोलतोय समजून त्या भलत्याशीच बोलल्या, आणि सगळी पुंजी गेली. तेव्हापासून मी त्यांना झोपेच्या गोळ्या देतो आहे. मला तुझं नाव त्या पाकिटावर लिहायचं नाही."

हे त्याने ठरवलेल्या भाषणात नव्हतं. धाकटीने मान खाली घातली.

"मी चहा ठेवते," सूनबाई म्हणाली आणि आत गेली. तिच्या मागोमाग आईही उठली.

*

करपलेलं पातेलं अजून ओट्याखालीच होतं. सूनबाईने ते पाहिलं आणि नजर वळवली.

गुरुवारी शाळेतून परतताना ती भाजी द्यायला म्हणून सहज वाकडी वाट करून इथे आली होती. जिन्यातच धुराचा वास आला. दार उघडं, गॅसवर दुधाचं पातेलं कोळशासारखं झालेलं, आणि आई स्टुलाशेजारी उभी. एका हातात रिसीव्हर, दुसऱ्या हातात बँकेचं कार्ड. चष्मा कपाळावर चढवून ती कार्डावरचे आकडे एकेक करून, स्पष्ट, ठाय लयीत सांगत होती. तसे आकडे तिच्याशिवाय कुणालाच सांगता येत नसत. सूनबाईने आधी गॅस बंद केला, मग धावत येऊन फोनचा खटका दाबला. आणि सासूबाई तिच्यावर कधी नव्हे त्या संतापल्या होत्या. पैशांसाठी नाही, दुधासाठी नाही. 'अगं, माणूस बोलत होता!' असं म्हणाल्या होत्या त्या.

बँकेने तासाभरात कार्ड बंद केलं. थोडक्यात निभावलं. पण ते वाक्य सूनबाईच्या मनातून जात नव्हतं.

"आई, मी यांना सांगायला नको होतं का?"

"सांगितलंस ते बरं केलंस." आईने कपाटातून कप काढले आणि प्रत्येक कप उजेडाकडे धरून पाहिला. "मी नसतं सांगितलं."

"का हो?"

"स्क्रू-ड्रायव्हर पाहिलास ना?"

सूनबाईने मान हलवली. चहापत्तीचा डबा हातात घेऊन ती नुसतीच उभी राहिली.

"मला कळत होतं गं," आई हळू आवाजात म्हणाली. "म्हणजे अगदी सुरुवातीला नाही. पण दूध उतू गेल्याचा वास मलाही आला. मी त्याला म्हटलं, जरा गॅस बंद करून येते. तो म्हणाला, लाइन सोडलीत तर खातं कायमचं बंद होईल. तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण ठेववेना."

"ठेवायचा की आपटून! मी तर वर दोन शब्द ऐकवून ठेवते."

"तू ठेवशील. मी त्या नोकरीला लागले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. माझ्या शेजारच्या बोर्डावरच्या मुलीने एकदा एक लाइन तोडली. तिला वाटलं, बोलणं संपलं. शांतता होती ना. पलीकडे एक माणूस रडत होता, म्हणून शांतता होती. त्याची आई गेल्याचं त्याला त्याच फोनवर कळलं होतं. त्याला पुन्हा लाइन मिळेपर्यंत संध्याकाळ झाली." आईने कप मांडले. "आमच्या मोठ्या बाई ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, मुलींनो, बोलणाऱ्याची लाइन आपण होऊन कधी तोडायची नाही. मी तो नेमच धरला. देवाचं नाव चुकेल एखाद्या दिवशी, ते नाही चुकलं."

चहाला उकळी आली. सूनबाईने आच कमी केली. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा सासरे गमतीने हाक मारत, 'एक्स्चेंज, जरा चहा जोडून द्या!' आणि सासूबाई आतून तशाच गंभीरपणे म्हणत, 'लाइन बिझी आहे. थांबावं लागेल.' तेव्हा तिला वाटायचं, किती पोरकट माणसं ही! आता तीच हाक या स्वयंपाकघरात ऐकायला तिने काय वाटेल ते दिलं असतं.

तिने साखर घातली, आणि मनातल्या मनात नवऱ्याची बाजू सोडली.

*

"अहो, ते खिशात ठेवा आधी," चहाचा ट्रे टेकवताना ती नवऱ्याला म्हणाली.

"काय?"

"ते हत्यार. ते समोर असताना कोण तुम्हाला खरं सांगणार?"

"गुरुवारी तूच रडत आली होतीस ना माझ्याकडे? काहीतरी करा म्हणून?"

"काहीतरी करा म्हटलं होतं. हे करा नव्हतं म्हटलं." ती खुर्चीच्या कडेवर बसली. "आई म्हणाल्या, त्यांनी स्वतः तुम्हाला कधीच सांगितलं नसतं. का, तर हेच होणार. म्हणजे पुढच्या वेळी काही झालं तर आपल्याला कळणारसुद्धा नाही. हे तुम्हाला चालेल?"

"पुढची वेळच येऊ नये म्हणून तर काढतोय!"

"आमच्या दवाखान्यात असे येतात," धाकटी म्हणाली. "दात दुखतो म्हणून सांगायचं नाही, कारण डॉक्टर काढेल. मग गाल सुजून येतो."

"तू दाताचं बोलू नकोस आता."

"मग कशाचं बोलू? तेच येतं मला."

काकांनी बशीत चहा ओतला होता, पण पीत नव्हते. ते मघापासून सूनबाईकडे पाहत होते. छापखान्यात आयुष्य काढलेला माणूस. यंत्रांच्या आवाजाने कान गेले, पण ओठांवरचं वाचायची सवय लागली. सूनबाई काय म्हणाली ते त्यांना बरोबर कळलं होतं. त्यांनी बशी खाली ठेवली.

"मी गादी घेतली आहे," ते म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"कसली गादी?"

"गुडघ्याची."

"गुडघ्याला गादी?" धाकटीला हसू आवरेना. "काका, ती कुठे घालायची?"

"हसू नकोस. तिच्यावर झोपलं की गुडघेदुखी जाते असं म्हणाला तो दारावर आलेला पोरगा. आत कसली तरी तार असते."

"मग गेली का?"

"झोपलोच नाही तिच्यावर. फार टणक आहे. पलंगाखाली आहे." काकांनी हनुवटी खाजवली. "किंमत विचारू नका. सांगणार नाही."

"काका!" थोरला उठून उभा राहिला. "आत्ता माझ्या बाजूने बोलत होतात ना तुम्ही? फोन काढा म्हणून? आणि तुम्हीच दारात आलेल्या माणसाकडून—"

"फोन काढा म्हणत होतो, कारण मला फोनवर काही ऐकूच येत नाही. माझं काय जातं?" ते स्वतःशीच हसले, मग थांबले. "पोरगा उन्हातून आला होता रे. शर्ट पाठीला चिकटलेला. हातात चामड्याची बॅग, तिची एक कडी तुटलेली, दोरीने बांधलेली. मला तुझ्या बापाची बॅग दिसली."

ती बॅग सगळ्यांना ठाऊक होती. शिवणयंत्रांचे सुटे भाग, सुया, बॉबिन, पट्टे, असं सगळं त्या बॅगेत घालून बाबा गावोगाव फिरायचे. अनोळखी दारं ठोठावायची, आणि दार लागायच्या आत एक तरी वाक्य बोलून घ्यायचं, हा त्यांचा धंदा. संध्याकाळी घरी आले की सांगत, आज इतक्या दारांतून हाकललं, पण एका म्हातारीने पाणी दिलं. त्यामुळे या घराच्या दारात कोणीही विकायला आलं, साबणवाला असो की विमेवाला, त्याला पाणी मिळे. मुलं त्यावरच वाढली.

"मला का नाही सांगितलंत?" थोरल्याने विचारलं. आता त्याच्या आवाजात राग नव्हता.

"तू दाराला कडी घातली असतीस. तीही बाहेरून."

थोरला खाली बसला. त्याने स्क्रू-ड्रायव्हर उचलला, हातात फिरवला, आणि परत ठेवावा की खिशात घालावा हे न कळून मांडीवर ठेवला.

"बाबा तरी या घरात कसे आले?" धाकटी आईकडे पाहत म्हणाली. ही गोष्ट तिने किती वेळा ऐकली असेल, पण ती नेहमी अशीच सुरू करायची, जणू पहिल्यांदाच विचारते आहे. "फोनवरूनच ना?"

"फोनवरूनच," काका म्हणाले. "लॉजमधून कंपनीला ट्रंक कॉल लावायचा. बोर्डावर वहिनी. 'नंबर प्लीज' म्हणायच्या, आणि आमचे बंधुराज नंबर विसरायचे!"

"विसरायचे नाहीत हो, भाऊजी. मुद्दाम चुकीचा सांगायचे. म्हणजे पुन्हा विचारावा लागे." आईच्या चेहऱ्यावर उजेड पसरला. "मग एकदा म्हणाले, कंपनीशी बोलायचं नाहीच आहे. तुमच्याशीच बोलायचं आहे. मी म्हटलं, ऑपरेटरशी बोलायला बुकिंग होत नाही."

"मग?"

"मग रोज बुकिंग करायला लागले."

काका हसले, सूनबाई हसली. थोरल्यालाही हसू आलं, पण त्याने ते चहात बुडवलं.

"सांगायचं काय," आई म्हणाली, "मला आयुष्यात जे काही मिळालं, ते अनोळखी आवाजातून मिळालं. नवरा मिळाला, तुम्ही मिळालात. आता तुम्ही म्हणता, अनोळखी आवाजाला घाबर. कसं जमायचं रे मला?"

"आई, तेव्हाची माणसं वेगळी होती."

"नव्हती रे. तेव्हाही लबाड होतेच. मी बोर्डावर बसून ऐकले आहेत. एकाच दिवशी दोन गावांत दोन बायकांना तेच वचन देणारे."

"मग आमचे बाबा तसे नाहीत, हे तुला कसं कळलं?" धाकटीने विचारलं. हा प्रश्न त्या गोष्टीत आजवर कोणी विचारला नव्हता.

आईने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात फोन वाजला.

*

जुन्या फोनची घंटा साऱ्या घराला ऐकू जाते. काकांनीसुद्धा मान वळवली. थोरला उठला, पण आई त्याच्या आधी स्टुलापाशी पोहोचली होती.

"मी घेतो," तो म्हणाला.

"माझा फोन आहे."

धाकटी भावाच्या आणि आईच्या मध्ये येऊन उभी राहिली. तिला आईची पाठ दिसत होती, आणि रिसीव्हर धरलेला हात. हात वयाने बारीक झाला होता, पण रिसीव्हर कानाला लावताच पाठ ताठ झाली. लहानपणी एकदा बाबा तिला एक्स्चेंजमध्ये घेऊन गेले होते. लांबच लांब बोर्ड, त्यापुढे रांगेने बसलेल्या बायका, कानांवर हेडसेट, हात सतत दोऱ्या उचलून भोकांत घालताहेत, आणि सगळ्या एकदम बोलत असूनही कोणीच ओरडत नाही. त्या रांगेत आपली आई कुठली हे तिने पाठीवरून ओळखलं होतं. हीच पाठ.

"नमस्कार. बोला," आई म्हणाली. मग बराच वेळ ऐकत राहिली. पुढे तळव्याने रिसीव्हर झाकून मागे वळली. "तोच आवाज. आता बँकेचा मोठा साहेब झाला आहे. गुरुवारचं नुकसान भरून देतो म्हणतो."

"ठेव!" थोरला म्हणाला. "आई, ठेव तो फोन!"

"काय म्हणतोय?" काकांनी विचारलं.

"मोठा साहेब झालाय, काका!" सूनबाई त्यांच्या कानाशी म्हणाली.

"चांगलं झालं की!"

आईने तळवा काढला. "ऐकते आहे. हो. हो, कार्ड बंद झालं. नवीन यायचं आहे... बरं. आता असं करा, साहेब. आपण फोन ठेवा. मी बँकेत उलटा फोन लावते आणि आपल्यालाच मागते. आपला विभाग कोणता?"

रिसीव्हरमधून बारीक, भरभर बोलणारा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते.

"नाही, आपण सांगाल त्या नंबरवर नाही. माझ्या पासबुकावर छापलाय, त्या नंबरवर... वेळ लागला तर लागू दे. मला वाट पाहायची सवय आहे."

आवाज चढला.

"ओरडू नका, लाइन स्वच्छ आहे. मला ऐकू येतं. फक्त एक कळत नाही, लाइन सोडू नका असं का म्हणता? बँक जागेवरच आहे ना? मी परत फोन करेपर्यंत उठून जाणार आहे का ती?"

काकांना काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी मांडीवर थाप मारली. धाकटीला हसू फुटणार एवढ्यात तिने आईचा हात पाहिला. तो फोनची वायर बोटांभोवती गुंडाळत होता. पलीकडचा आवाज आता खाली आला होता, मऊ झाला होता. आई ऐकत होती, आणि तिची मान किंचित झुकली होती.

"काय म्हणतो?" धाकटीने ओठांनीच विचारलं.

आईने हातानेच तिला थांबवलं. मग ती फोनमध्ये म्हणाली, अगदी हळू, "मला आई म्हणू नका. माझी मुलं इथे बसली आहेत."

पलीकडून पुन्हा काहीतरी सुरू झालं. थोरला आता शेजारी येऊन उभा होता. त्याचा हात खटक्यापासून वितभर अंतरावर होता. एक बोट टेकवलं की संपलं. सूनबाईने गुरुवारी तेच केलं होतं. तो हात तसाच राहिला. कशाची वाट पाहतोय हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. आईकडे बघताना एवढंच वाटलं, की हे आपण केलं तर पुढच्या वेळीही आपल्यालाच करावं लागेल.

आईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तिने मान वर केली. आणि घरात कोणी फारा दिवसांत ऐकला नव्हता तो आवाज आला. मऊ, सपाट, कुणाबद्दल राग नाही, कुणाबद्दल माया नाही, असा बोर्डावरचा आवाज.

"आपली तीन मिनिटं झाली."

पलीकडे कोणीतरी बोलतच होतं. तिने रिसीव्हर खाली ठेवला.

*

ती स्टुलाशेजारी खुर्चीत बसली. सूनबाईने तिला पाणी दिलं. तिने दोन घोट घेतले आणि भांडं दोन्ही हातांत धरून ठेवलं.

"तो बोलत होता," ती म्हणाली. "मी तोडला."

"नाही आई," थोरला तिच्यापुढे जमिनीवर बसत म्हणाला. "वेळ संपली होती. त्याने वाढवून मागितली नाही."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग ती हसली, आणि हसता हसता तिने पदराने डोळे टिपले.

"हे कुठे शिकलीस तू?" धाकटी म्हणाली. "हे उलटा फोन वगैरे? हेच सांगतात गं सगळीकडे. आपणच फोन करा, आपल्याकडच्या नंबरवर करा. मी तुला कितीदा सांगितलं, तेव्हा तू नुसती मान हलवलीस!"

"तू शिकवायच्या आधीपासून येतं मला ते. ट्रंक बुकिंग आलं, की फोन ठेवायला सांगायचं आणि आपण त्या नंबरवर उलटा लावून बघायचा. माणूस खरंच तिथे आहे का? नंबर त्याचाच आहे का? त्याशिवाय कॉल पुढे जोडायचाच नाही. लोक चिडायचे. पण खरा माणूस चिडला तरी फोन ठेवून वाट बघायचा." ती थांबली. "घरी आल्यावर विसरले मी. बोर्ड गेला, तसं तेही गेलं असं वाटलं. मघाशी तू ते विचारलंस म्हणून आठवलं."

"काय विचारलं मी?"

"बाबांचं. ते लबाड नाहीत हे कसं कळलं."

सगळे तिच्याकडे पाहू लागले. काकांनी यंत्र कानात घट्ट बसवलं.

"मी विश्वास ठेवला नव्हता," आई म्हणाली. "गोड बोलणारे पुष्कळ होते. त्यांनी मला लग्नाचं विचारलं तेव्हा मी म्हटलं, फोन ठेवा, विचार करून सांगते. आणि मग ते जिथे उतरले म्हणत होते, त्या लॉजचा नंबर डिरेक्टरीत शोधून उलटा लावला. मॅनेजरने उचलला. मी विचारलं, शिवणयंत्रवाले गृहस्थ आपल्याकडे राहतात का? तो म्हणाला, बाई, एकदाचं त्यांच्याशी बोला हो! दुपारपासून इथे फोनपाशीच बसले आहेत. जेवायला बोलावलं तरी उठत नाहीत."

धाकटीने नाक पुसलं. काका खिडकीबाहेर बघत होते. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, भावाने सांगितलं नव्हतं.

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? जोडून दिला." आईने पाण्याचं भांडं स्टुलावर ठेवलं. "भाऊजी, तुमची ती गादी कंपनीत परत घेतात का बघा. आणि पुन्हा कोणी आलं, तर पाणी जरूर द्या. दारातच द्या. म्हणा, पत्ता ठेवून जा, मी तुमच्या दुकानात येऊन बघतो. बॅगवाला खरा असेल तर पत्ता देईल. आमचे हे कधी पत्ता दिल्याशिवाय उठले नाहीत."

"आणि हा?" थोरल्याने मांडीवरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलून दाखवला.

"शिवणयंत्राच्या पायडलचा एक स्क्रू ढिला झालाय," आई म्हणाली. "आणलाच आहेस तर तो आवळून जा."

*

घरी पोहोचलो की फोन करतो, असं थोरला निघताना म्हणाला होता. दिवेलागण होऊन गेली होती. त्याने चपला काढल्या आणि तसाच फोनपाशी गेला.

दुसऱ्याच घंटेला तिने उचलला. "नमस्कार. बोला."

"आई, मी. पोचलो आम्ही."

मग ती म्हणाली, "कोण मी?"

"अगं, मी! थोरला!"

"आवाज तर तसाच वाटतो," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात जे होतं ते त्याने बाबा गेल्यानंतर ऐकलं नव्हतं. "फोन ठेवा. मी उलटा लावते."

त्याने रिसीव्हर ठेवला आणि शेजारची खुर्ची ओढून बसला. तबकडी फिरवायला तिला वेळ लागतो. एकेक आकडा पूर्ण परत आल्याशिवाय ती पुढचा फिरवत नाही. सूनबाईने आतून पान वाढल्याची हाक मारली. मग पुन्हा मारली. पदराला हात पुसत ती दारात आली, आणि त्याच्याकडे बघून तशीच उभी राहिली.

तो उठला नाही.